एवढ्याशासाठी डॉक्टरांना फोन करावा का?

चांदणचुरा · सोमवार, रात्री १:५०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते. आज झोप येत नाहीये म्हणून पहिला धागा काढते आहे, चुकलं-माकलं तर सांभाळून घ्या. ३३वा आठवडा चालू आहे, पहिलीच वेळ.

या दिवसांत काहीही झालं की समोरचा एकच वाक्य म्हणतो, "होतं गं असं." आई म्हणते, सासूबाई म्हणतात, दवाखान्यात फोन उचलणारी मुलगीही म्हणते. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण जे "होतं असं" मधलं नसतं, ते ओळखायचं कसं? २२व्या आठवड्यात कळा येतायत असं वाटून रात्री अडीचला नवऱ्याला उठवलं, धावत गेलो, आणि निघाले गॅस. तेव्हापासून फोन हातात घेतला की आधी ते आठवतं. नवऱ्यानं तर डॉक्टरांचा नंबर "गॅस" नावानंच सेव्ह केलाय.

सध्याच्या तक्रारी: संध्याकाळी दोन्ही पाय सुजतात, चप्पल चढत नाही. जिना चढताना दम लागतो. रात्री तळहात-तळपाय खाजतात, आत्ताही पाय गार फरशीला टेकवून बसले आहे, पुरळ वगैरे काही नाही, कातडी ताणली जाते म्हणून असेल. बीपी गेल्या आठवड्यात ठीक होतं.

तुम्ही कधी फोन केलात, कधी उगाच केलात, कधी करायला हवा होता आणि नाही केलात, ते लिहा.

खडूस_काकू · सोमवार, सकाळी ७:१०

दोन्ही पाय, तेही संध्याकाळी, आणि रात्री झोपल्यावर उतरतात? मग होतं गं असं. :) दोन्ही वेळा शेवटचे दोन महिने मी नवऱ्याचे बूट घालून हिंडले. पाय उशीवर ठेव, कुशीवर झोप, आणि नवऱ्याला हसू दे. हसायचे दिवस संपत आलेत त्याचे.

नवराच_मी · सोमवार, सकाळी ८:०२

काकू, शेवटचं वाक्य धमकी समजावं का भविष्यवाणी?

पानगळ · सोमवार, सकाळी ९:३०

खाजेसाठी मॉइश्चरायझर, कोमट पाण्याने अंघोळ, सैल सुती कपडे. माझं तर पोट इतकं खाजायचं की कंगव्याने खाजवायचे. बाळ झालं आणि गेलं सगळं. दम लागणं पण नॉर्मलच, गर्भाशय वर ढकलतंय ना.

रातपाळी · सोमवार, सकाळी ११:१५

काकूंशी सहमत, पण पुरवणी जोडते. २६ वर्षं लेबर रूममध्ये काढली, त्यातल्या निम्म्या रात्रपाळ्या. आयडी त्यावरूनच.

सूज किती आहे त्यापेक्षा ती कशी आली ते बघायचं. सकाळी उठल्या उठल्या चेहरा सुजलेला, अंगठी एकाएकी रुतायला लागली, आठवड्याभरात वजन उडी मारून वर गेलं, तर त्याच दिवशी बीपी मोजायचं. उद्या नाही. २० आठवडे उलटल्यावर बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर, चार तासांनी परत घेतलं तरी तेवढंच, आणि लघवीत प्रथिनं, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया. प्रथिनं नसली तरी प्लेटलेट उतरल्या किंवा लिव्हर-किडनीचे रिपोर्ट बिघडले तर तोच आजार.

यातली फसवी गोष्ट अशी की बाईला काहीच होत नसतं. १७०/११० बीपी असलेली बाई मी खाटेवर पाय हलवत बहिणीशी फोनवर हसत बोलताना पाहिली आहे. मी कफ दोनदा बदलून बघितला, मशीनच बिघडलंय म्हणून. १६०/११० ला घड्याळ बघून धावपळ सुरू होते, आणि ही मला म्हणतेय, "सिस्टर, दोन मिनिटं, तिचं एवढं ऐकून घेते."

लक्षणं दिसतात तेव्हा गाडी पुढे गेलेली असते: गोळी घेऊनही न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा धूसर दिसणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, ओकाऱ्या. हे बरगडीखालचं दुखणं तर दर वेळी ॲसिडिटीच्या नावावर खपतं. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट देतात. २००२च्या मॅगपाय चाचणीत ३३ देशांतल्या १० हजारांहून जास्त बायका होत्या आणि त्यात झटक्यांचा धोका निम्म्याने कमी झाला. बीपीसाठी लॅबेटालॉल, निफेडिपिन वगैरे वेगळी औषधं. पण आजार खरा सुटतो तो वार (प्लासेंटा) पडल्यावरच, आणि कधीकधी त्यानंतरही काही दिवस सुटत नाही.

चांदण, तुझं वर्णन यातलं वाटत नाही. तरी बीपी आज परत मोज. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, दंड छातीच्या पातळीला. आणि कफ दंडाला पुरणारा हवा, लहान कफ लावला की आकडा उगाच वाढीव येतो.

तिरकस · सोमवार, दुपारी १२:४०

घ्या. पाय सुजले म्हणाली बिचारी, तिला झटक्यांपर्यंत नेऊन सोडलं. असल्या धाग्यांनीच बायका घाबरतात. गरोदरपण आजार नाही हो. दर लक्षण गूगल करत बसलं तर डोकं दुखणारच, आणि मग डोकं दुखतंय म्हणून परत गूगल.

दोनदाआई · सोमवार, दुपारी २:२०

तिरकस, मी घाबरले नव्हते. तोच तर घोळ झाला.

पहिल्या वेळी ३१वा आठवडा. दोन दिवस डोकं दुखत होतं, ऑफिसच्या स्क्रीनमुळे असेल म्हटलं. तिसऱ्या दिवशी बाथरूमच्या टाइल्सवर चमचमत्या नागमोडी रेघा दिसायला लागल्या. मी काय केलं असेल? ट्यूबलाइट फडफडतेय वाटून ती बंद केली. अंधारातही रेघा चालूच. मग टाइल्स पुसल्या. हो, फडक्याने. आठ महिन्यांची होत आलेली बाई अंधारात टाइल्स पुसतेय, असं दृश्य नवऱ्याने पाहिलं आणि सरळ गाडीत घातलं. बीपी १७४/११२.

बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची दोन इंजेक्शनं दिली, २४ तासांच्या अंतराने. दुसरं टोचून झाल्यावर तिसऱ्या दिवशी सिझेरियन. मुलगी १ किलो ३८० ग्रॅमची. आता ती माझ्याच आयडीवरून लॉगिन करून खोडसाळ प्रतिसाद टाकते, म्हणून सगळं छान आहे असं समजा.

दुसऱ्या वेळी आधीचा इतिहास बघून १२व्या आठवड्यापासून रोज रात्री १५० मिग्रॅ ॲस्पिरिन दिली. त्या वेळी ३८ आठवडे नीट गेले. (कुणी आपल्या मनाने सुरू करू नका. ज्यांना धोका जास्त असतो त्यांनाच देतात, आणि सुरू करायची तर १६ आठवड्यांच्या आत.)

सूक्ष्मदर्शी · सोमवार, दुपारी ३:०५

अवांतर: ही स्टेरॉइडची गोष्ट भारी आहे. न्यूझीलंडमध्ये ग्रॅहॅम लिगिन्स हे मेंढ्यांवर काम करत होते. प्रसूती सुरू कशाने होते हे शोधायचं होतं, म्हणून गर्भातल्या कोकरांना स्टेरॉइड देऊन बघत होते. एवढ्या आधी जन्मलेली कोकरं जगायला नकोत, पण श्वास घेताना दिसली. त्यावरून फुप्फुसांची कल्पना सुचली. मग लिगिन्स आणि हाउई यांनी बायकांमध्ये चाचणी केली, ती १९७२मध्ये छापून आली. शोधायला गेले एक, सापडलं दुसरंच.

नवराच_मी · सोमवार, दुपारी ३:२०

म्हणजे दोनदाआईंच्या लेकीने मेंढ्यांचे आभार मानायला हवेत.

दोनदाआई · सोमवार, दुपारी ३:२६

ती आत्ताच "बेंऽऽ" म्हणून गेली.

कुंद · सोमवार, संध्याकाळी ५:५०

बहुतेकजणी शेवटच्या महिन्यांबद्दल लिहितायत. माझा अनुभव अगदी सुरुवातीचा.

पाळी चुकून तीन आठवडे झाले होते, घरची टेस्ट पॉझिटिव्ह, सोनोग्राफी व्हायची होती. थोडं काळपट डाग लागल्यासारखं जात होतं आणि ओटीपोटात एका बाजूला टोचत होतं. "सुरुवातीला होतं असं." झालं, आम्ही गप्प. चौथ्या दिवशी सकाळी उजवा खांदा दुखायला लागला, खांद्याचं अगदी टोक. हात फिरवला की दुखत नाही, आडवी झाले की जास्त. अवघडून झोपले असेन म्हणून स्प्रे मारला. दुपारी संडासात चक्कर येऊन पडले.

गर्भ नळीत होता आणि नळी फुटली होती. पोटात साठलेलं रक्त श्वासपटलाला टोचतं, आणि श्वासपटलाची नस आणि खांद्याच्या संवेदना मानेत एकाच ठिकाणी येतात, म्हणून दुखणं खांद्यात कळतं. हे मला ऑपरेशननंतर समजावलं. तोपर्यंत मी स्प्रेची अर्धी बाटली संपवली होती.

१००तल्या एक-दोन गर्भधारणा अशा जागा चुकलेल्या असतात. लवकर कळलं तर काहीजणींचं मेथोट्रेक्सेटच्या इंजेक्शनवर भागतं, नळी वाचते. माझी गेली. दुसऱ्या नळीच्या भरवशावर नंतर मुलगा झाला, तो सहा वर्षांचा आहे.

तेव्हा पाळी चुकलेली आणि पोटात एका बाजूला दुखणं, मग डाग लागो वा न लागो, वाट बघू नका. सोनोग्राफीत गर्भ गर्भाशयात दिसेपर्यंत तो तिथे आहे असं धरून चालायचं नाही.

खडूस_काकू · सोमवार, संध्याकाळी ६:१५

कुंद, स्प्रेचं वाचून हसू आलं आणि लगेच लाज वाटली.

कुंद · सोमवार, संध्याकाळी ६:१८

हसा हो काकू. मीही हसते आता.

सूक्ष्मदर्शी · सोमवार, रात्री ८:४०

मेंढ्यांच्या नादात मूळ पोस्ट मी नीट वाचलीच नव्हती. आत्ता वाचली. सगळे सुजेच्या मागे लागलाय. धागाकर्तीच्या यादीतली तिसरी तक्रार परत वाचा.

तळहात-तळपाय. रात्री. पुरळ नाही. ३३वा आठवडा. पोट ताणलं जातं म्हणून पोट खाजेल, तळपाय कशाला ताणले जातील?

मी लॅबमध्ये काम करतो, डॉक्टर नाही, त्यामुळे निदान करत नाही. पण याच तक्रारीवर आमच्याकडे "सीरम बाइल ॲसिड" ही तपासणी लिहून येते. लिव्हरमधून पित्त नीट पुढे सरकत नाही, पित्ताम्लं रक्तात साठतात आणि खाज सुटते. गरोदरपणातला कोलेस्टेसिस. नुसत्या एलएफटीवर (लिव्हरच्या नेहमीच्या तपासणीवर) "नॉर्मल आहे" म्हणून परत येऊ नका, ते ठीक आणि बाइल ॲसिड वाढलेलं असे रिपोर्ट मी स्वतः काढलेत. उपाशीपोटी जायची गरज नसते. आणि पहिला रिपोर्ट चांगला आला तरी खाज चालूच राहिली तर परत करायचा, कारण कधीकधी खाज आधी येते आणि रक्तातला आकडा मागाहून चढतो.

लघवी गडद होतेय का? शौचाचा रंग फिका पडलाय का?

रातपाळी · सोमवार, रात्री ९:०५

कान पकडले. सुजेवर एवढं लांबलचक लिहिलं आणि खाज वाचून पुढे गेले. सूक्ष्मदर्शी बरोबर बोलतायत. चांदण, उद्या सकाळी फोन कर.

पानगळ · सोमवार, रात्री ९:२०

अगंबाई. मी तिला मॉइश्चरायझर सांगितलं.

(माझं पोटच खाजायचं, हातपाय नाही. आता कळतंय ते वेगळं होतं.)

तिरकस · सोमवार, रात्री ९:४५

आता खाजपण? उद्या शिंक आली तर? दवाखान्यात रांगा लागतील आणि खरंच गरज असलेली बाई मागे राहील.

टाकेवाली · सोमवार, रात्री ११:३०

ओपीडी संपवून आत्ता घरी आले. स्त्रीरोग-प्रसूतीतज्ज्ञ आहे, आयडी नवऱ्याने ठेवलाय. कुणाचं निदान इथे करणार नाही, पण तिरकस यांच्या मुद्द्यावर बोलते, कारण तो अगदीच टाकाऊ नाही.

रात्रीच्या दहा फोनांतले आठ "काही नाही" निघतात. मला ते आठ चालतात. तुम्ही आठ वेळा गॅससाठी फोन करा, मी वैतागले तर तो माझा प्रश्न. पण फोनवर "कसंतरी होतंय" म्हणालात तर मलाही कसंतरी होतं. कितवा आठवडा, काय होतंय, कधीपासून, बाळ नेहमीसारखं हलतंय का, एवढं आधी सांगा. रक्त जातंय तर किती: डाग की पॅड भिजतंय, आणि पॅड टाकून देऊ नका, सोबत आणा. घरी बीपीचं मशीन असेल तर आकडा. अर्ध्या मिनिटात मला कळतं की झोपायला सांगायचं की निघायला.

बाळाच्या हालचालीबद्दल एक गैरसमज इतका पसरलाय की त्याचा मला राग येतो: "शेवटी जागा कमी होते म्हणून बाळ कमी हलतं." नाही. हालचाल बदलेल, लाथेऐवजी वळणं, सरकणं जाणवेल, पण कमी होता कामा नये. अमुक तासांत अमुक लाथा असा सगळ्यांना लागू पडणारा आकडा नाही. तुमच्या बाळाची सवय तुम्हालाच माहीत असते, ती मोडली की यायचं. त्याच रात्री, सकाळची वाट न बघता. आणि ती घरी ठोके ऐकायची यंत्रं कृपा करून त्यासाठी वापरू नका. आईच्याच नाडीचा आवाज ऐकून "ठोके आहेत ना" म्हणत घरी थांबलेल्या बाईला नंतर तपासणं मी केलंय. पुढचं लिहीत नाही.

रक्तस्राव: न दुखता लालभडक रक्त गेलं तर वार खाली असू शकते. अशा वेळी वार कुठे आहे हे सोनोग्राफीत कळेपर्यंत आतून तपासणी करायची नसते, म्हणून नव्या ठिकाणी गेलात तर आधीचा रिपोर्ट दाखवा. पोट लाकडासारखं कडक आणि सतत दुखतंय तर वार सुटत असण्याची शंका, मग रक्त दिसो वा न दिसो. (२० आठवड्यांच्या सोनोग्राफीत "वार खाली आहे" असं आलं तर रडू नका. गर्भाशय वाढतं तशी बहुतेकींची वर सरकते. पुढे परत बघतात.)

रक्तगट निगेटिव्ह असेल तर थोड्या रक्तस्रावानंतरही कळवा, अँटी-डीचं इंजेक्शन ७२ तासांच्या आत द्यायचं असतं.

आणि हो, तळपायांची खाज माझ्या यादीत आहे. शिंक नाही.

नवराच_मी · मंगळवार, सकाळी ७:३०

नवऱ्यांच्या वतीने कबुली. आम्ही हसतो कारण आम्हालाही भीती वाटते आणि ती दाखवायची सोय नसते. आमच्याकडे शुगर वाढली होती. २४ ते २८ आठवड्यांमध्ये ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून करतात ती तपासणी. बायकोला एकही लक्षण नव्हतं, तपासणी केली नसती तर कळलं नसतं. मग दिवसातून चार वेळा बोट टोचणं: उपाशीपोटी ९५च्या खाली, जेवणानंतर दोन तासांनी १२०च्या खाली. वहीत आकडे लिहायचं काम माझं. तेव्हा कळलं की हातात काम असलं की मी विनोद कमी करतो.

खडूस_काकू · मंगळवार, सकाळी ७:४१

आता हातात काही काम नाही वाटतं.

रातपाळी · मंगळवार, सकाळी १०:००

टाकेवालींच्या आठ फोनांवरून आठवलं. आम्हाला ट्रेनिंगमध्ये "तीन उशीर" शिकवायचे. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४मध्ये मांडलेली गोष्ट: बाळंतपणात बाई दगावते तेव्हा उशीर तीन ठिकाणी झालेला असतो. दवाखान्यात जायचं ठरवायला, तिथे पोचायला, आणि पोचल्यावर उपचार मिळायला. दुसऱ्या-तिसऱ्यावर आपला ताबा कमी. पण पहिला? तो घरात, पलंगावर बसून होतो. "एवढ्याशासाठी कशाला" म्हणत. चांदणचा प्रश्न तोच आहे.

तिरकस · मंगळवार, सकाळी १०:२०

प्रकाटाआ. (प्रतिसाद काढून टाकला आहे.)

चांदणचुरा · मंगळवार, दुपारी १:१५

सकाळी उठून सगळे प्रतिसाद वाचले. लघवी गडद आहे. मी पाणी कमी पितेय म्हणून असेल असं वाटत होतं.

नऊ वाजता फोन केला. टाकेवालींनी सांगितलं तसं एका दमात म्हटलं: "३३वा आठवडा, तळहात-तळपाय रात्री खाजतात, दहा दिवस झाले, पुरळ नाही, लघवी गडद, बाळ नेहमीसारखं हलतंय." पलीकडून "होतं असं" आलं नाही. "अकराला या" आलं. बीपी ११८/७६, लघवीत प्रथिनं नाहीत. रक्त दिलंय. रिपोर्ट दोन दिवसांनी. नवरा सोबत आला, हसला नाही, त्यामुळे मला जास्त भीती वाटतेय.

दोनदाआई · मंगळवार, दुपारी १:२५

कळव गं. आम्ही सगळे इथेच आहोत.

चांदणचुरा · गुरुवार, संध्याकाळी ६:४०

बाइल ॲसिड ५८. एलएफटी थोडं वाढलेलं.

डॉक्टरांनी कागदावर लिहून समजावलं: १९ ते ३९ सौम्य, ४० ते ९९ मध्यम, १०० आणि वर तीव्र. पोटात बाळ दगावण्याचा धोका ठळकपणे वाढतो तो १००च्या वर. माझं मधल्या पट्ट्यात आहे, पण आकडा चढू शकतो म्हणून दर आठवड्याला रक्त तपासायचं. असाच राहिला तर ३८ आठवड्यांना कळा सुरू करू, १००च्या वर गेला तर ३५-३६लाच. अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या आहेत, त्याही खाज थोडी कमी वाटावी म्हणून, "बाळाचं यानेच रक्षण होतं असं समजू नका" हे स्पष्ट सांगून.

सूक्ष्मदर्शी, काय बोलू. घरी आल्यावर नवऱ्याने माझ्या हातातून फोन घेतला, "गॅस" खोडलं आणि डॉक्टरांचं पूर्ण नाव टाकलं. मग बाल्कनीत जाऊन बराच वेळ उभा होता.

टाकेवाली · गुरुवार, रात्री १०:५०

अर्सोबद्दल तुमच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, बरं वाटलं. २०१९च्या पिचेस चाचणीत ६००हून जास्त बायका होत्या, खाज किंचित कमी झाली, बाळाच्या दृष्टीने फरक पडला नाही. रोज एनएसटी (बाळाच्या ठोक्यांचा आलेख) काढायचा हट्ट धरू नका. आज ठोके छान आले म्हणजे उद्याची हमी नसते, या आजारात तर अजिबातच नाही. आकड्यावर लक्ष ठेवा आणि हालचालींवर. रात्री गार पाण्यात पाय बुडवून बसा, बरं वाटतं.

तिरकस · शुक्रवार, सकाळी ८:१५

काढून टाकलेल्या प्रतिसादात काय होतं ते आता महत्त्वाचं नाही. घाबरवू नका, यावर मी ठाम आहे. पण घाबरवणं आणि सांगणं यात फरक असतो, तो मी इथे धरला नाही. चांदणचुरा, शुभेच्छा.

खडूस_काकू · शुक्रवार, सकाळी ८:३०

वाचनखूण साठवली. धाग्यासाठी नाही, तिरकसच्या प्रतिसादासाठी. हलके घ्या.

चांदणचुरा · पाच आठवड्यांनी, रविवार, दुपारी ४:००

मुलगा. ३८ आठवडे १ दिवस. २ किलो ९००. आकडा शेवटपर्यंत ७०च्या खाली राहिला. कळा आणायला दीड दिवस लागला, त्यावर वेगळा धागा काढेन, त्यात शिव्या असतील. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की मी रात्रीची झोपत नाहीये ते खाजेमुळे नाही, बाळामुळे. खाज गेली होती आणि मला कळलंही नव्हतं. काही आठवड्यांनी लिव्हरची तपासणी परत करायची आहे, आणि पुढच्या वेळी सुरुवातीलाच हे सांगायचं, कारण परत होण्याची शक्यता बरीच असते म्हणे.

दोनदाआई · रविवार, दुपारी ४:१०

अभिनंदऽऽन! (बेंऽऽ पण.)

रातपाळी · रविवार, संध्याकाळी ५:३०

अभिनंदन गं बाळा. आता सगळे बाळाकडे बघतील, तुझ्याकडे कुणी बघणार नाही, म्हणून मी बघते: पुढचे सहा आठवडे डोकं फार दुखलं, ताप आला, तासाभरात पॅड गच्च भिजलं, छातीत दुखलं, नाहीतर नुसतं रडू येऊन काही नकोसं वाटलं, तरी फोन तोच. बाळ झालं की बीपीचा धोका संपला असं नसतं, घरी गेल्यावर झटका येऊन परत आणलेल्या बायका मी पाहिल्यात.

सायली_फूल · रविवार, रात्री ११:४८

नवीन सदस्य आहे, धागा शोधताना सापडला. २९वा आठवडा. चार दिवसांपूर्वी गाडीत नऊ तास बसून प्रवास केला. कालपासून डावी पोटरी दुखतेय, तोच पाय सुजलाय, उजवा नाही. हात लावला तर गरम लागतो. दोन्ही पाय सुजणं नॉर्मल असतं असं वर वाचलं, मग एकच सुजला तर कमी काळजीचं ना? की बाम लावू?

चांदणचुरा · रविवार, रात्री ११:५१

सायली, उलट आहे. एकच पाय, गरम, पोटरीत दुखणं म्हणजे शिरेत रक्ताची गाठ असू शकते. बाम नको, चोळू तर अजिबात नको. गाठ सुटून फुप्फुसात जाऊ शकते. धाप लागतेय का? छातीत दुखतंय का? लागत असेल तर फोनही नको, सरळ इमर्जन्सीत. नसेल तर डॉक्टरांना आत्ता फोन कर. आधी फोन, मग इथे लिही.

सायली_फूल · रविवार, रात्री ११:५४

धाप नाही. पण रात्रीचे बारा वाजतायत, झोपल्या असतील त्या.

टाकेवाली · रविवार, रात्री ११:५५

उठतील.

सायली_फूल · रविवार, रात्री ११:५९

रिंग जातेय.